गावाचा नव्हे, वाडीवाडीचा धोका मोजा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दरवर्षी मे महिना आला की जिल्ह्याचा आपत्ती व्यवस्थापन आराखडा तयार झाल्याची बातमी आपल्या दैनिकात येते. नियंत्रण कक्ष चोवीस तास सुरू, बोटी सज्ज, इतकी गावं पूरप्रवण, इतकी दरडप्रवण. बातमी खरीच असते. 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याप्रमाणे प्रत्येक जिल्ह्याला असा आराखडा करावा लागतो, दरवर्षी तो तपासावाही लागतो, आणि ते काम होतं. मात्र त्या आराखड्यात आमच्या गावापुढे जो एक शब्द लागतो तो कसा ठरतो, हे यंदा मी समोर बसून पाहिलं. त्याबद्दल लिहिते आहे.

मी बाणकोट खाडीच्या मुखाजवळच्या एका गावात राहते. चौदा गुंठ्यांचं नारळ-पोफळीचं आगर आहे आणि पर्यटकांना द्यायच्या दोन खोल्या. बचतगटाची बाई हवी म्हणून ग्रामपंचायतीच्या आपत्ती समितीत माझं नाव घातलंय. बैठकीला आमचे ग्रामसेवक एक छापील नमुना घेऊन आले होते. आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, पण गावाच्या तोंडी अजून ग्रामसेवकच. पोरगा कामाचा आहे, दोन गावांचा कारभार एकट्याच्या अंगावर आहे, तेव्हा त्याला दोष द्यायचा नाही. नमुन्यात एका बाजूला चक्रीवादळ, पूर, दरड, उधाण, वीज पडणं, वणवा अशी यादी. समोर जास्त, मध्यम, कमी असे तीन रकाने.

“काकू, दरडीचं काय लिहू?”

“कुठल्या वाडीचं विचारताय?”

“गावाचं. गावाला एकच रकाना आहे.”

मग थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही, आणि ‘मध्यम’वर खूण झाली. पुढे पूर मध्यम, उधाण मध्यम. चहा येईस्तोवर आमच्या गावाचं जोखीम मूल्यांकन आटोपलं.

संपादक महाशय, घाटावरच्या वाचकांना कदाचित कल्पना नसेल, पण कोकणातलं गाव म्हणजे एका ठिकाणी वसलेली वस्ती नव्हे. सातबाऱ्यावर गाव एक, प्रत्यक्षात वाड्या पाच, आणि एका वाडीतून दुसरीत जायला चढ-उतार धरून अर्धा तास. आमच्याकडे पुळणीला लागून कोळीवाडी. तिच्यामागे आमची आगरं, घरं आगरातच. खाडीच्या अंगाला खाजणाच्या, म्हणजे खाडीलगतच्या खाऱ्या जमिनीच्या, बंधाऱ्यामागे सातआठ घरं. वर उतारावर बौद्धवाडी, आणि त्याच्याही वर सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या कातळपठारावर, गवळवाडी. आता सांगा, दरडीचा धोका ‘मध्यम’ म्हणजे कुणाला? कोळीवाडीवर दरड कोसळायला वर डोंगरच नाही. बौद्धवाडीच्या तर मागच्या परसातच डोंगर सुरू होतो, आणि तीन-चार वर्षांपूर्वी प्लॉट पाडणाऱ्यांनी जेसीबी लावून त्याच्या पायथ्याची माती ओरबाडून नेली. पुराचंही तेच. सड्यावर उन्हाळ्यात प्यायला पाणी नाही, पूर कसला यायचा? खाजणाजवळच्या घरात मात्र श्रावणातल्या उधाणाला उंबऱ्याशी पाणी टेकतं. ‘मध्यम’ हा शब्द आमच्या पाचांपैकी एकाही वाडीला लागू नाही.

हे मी शब्दाचा कीस काढायचा म्हणून लिहीत नाही. गेल्या काही वर्षांतल्या कोकणातल्या दुर्घटना आठवून बघा. 2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, त्यात वाहून गेली ती भेंदवाडी. (त्यानंतर धरण फुटल्याचं खापर खेकड्यांच्या माथी मारलं गेलं, ते आपल्या वाचकांच्या लक्षात असेलच.) 22 जुलै 2021 ला महाड तालुक्यातल्या तळीयेवर दरड कोसळली, ऐंशीहून अधिक माणसं गेली, पण गाडली गेली ती तळीयेची कोंढाळकरवाडी. त्याच पावसात खेड तालुक्यात पोसरे गेलं असं आपण म्हणतो, गेली ती पोसऱ्याची बौद्धवाडी. आणि 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी, ठाकर आदिवासींची. सत्तावीस मृतदेह मिळाले, सत्तावन्न माणसं बेपत्ता ठरवून शोधकार्य थांबवावं लागलं. ही वस्ती दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, हे सरकारनंच तेव्हा सांगितलं.

यादीत नव्हती याचा राग येण्याआधी मला प्रश्न पडला, की ती यादीत येणार तरी कशी? वाडीला यादीत यायला जागाच कुठे आहे? मोजमाप सुरू होतं महसुली गावापासून, आणि एखादं गाव यादीत चढतं ते बहुतेकदा तिथे आधी काही घडलं असेल तर. ज्या उतारावर आजवर काही झालं नाही तो सुरक्षित, असा हा हिशेब आहे. शिवाय कोकणात वाड्या कशा वसल्या ते आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. पाण्याजवळची सपाट जमीन कुणाच्या वाट्याला आली आणि उताराची कुणाच्या, ते उघड्यावर बोलायला जड जातं. पण वर लिहिलेल्या चार नावांपैकी दोनांत तरी ते वाचता येतं.

आता समुद्राचं. आमच्याकडचे जुने खलाशी घड्याळ न बघता भरती सांगतात. तिथीची पाऊणपट केली की साधारण भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहाच्या सुमाराला, पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास, आणि त्या दोन दिवसांच्या आगेमागे उधाण. हे गणित जोखमीत धरल्याशिवाय किनाऱ्यावरचा धोका कळणारच नाही. निसर्ग चक्रीवादळ 3 जून 2020 ला दुपारी दिवेआगर-श्रीवर्धनच्या पट्ट्यात जमिनीवर आलं, वारा ताशी 110 ते 120 किलोमीटर. आदल्या दिवशी निर्जला एकादशी होती, म्हणजे त्या दिवशी द्वादशी. सकाळची भरती होऊन गेली होती आणि वारा पेटला तेव्हा पाणी उतरत होतं. दोन दिवसांनी वटपौर्णिमा. तेच वादळ वटपौर्णिमेला, ऐन बाराच्या भरतीला आलं असतं, तर कोळीवाडीतल्या किती घरांत समुद्र शिरला असता, हे कुणी मोजलेलं नाही. आमच्याकडे पाणी फारसं आलं नाही, एवढीच नोंद झाली आणि त्यावरून ‘उधाण मध्यम’. (वटपौर्णिमेला पूजेला गेलो तर देवळाजवळचा वड मुळासकट आडवा. आम्ही बायकांनी आडव्या खोडालाच दोरा गुंडाळला.)

22 जुलै 2021 लाही पौर्णिमा दोनच दिवसांवर होती. महाबळेश्वरला चोवीस तासांत 594 मिलिमीटर पाऊस झाला. तिथलं पाणी सावित्रीतून महाडला येतं आणि महाडचं आमच्या खाडीत. समुद्राला भरती असली की खाडी ते पाणी घेत नाही, मागे ढकलते. चिपळुणात वाशिष्ठीचं तसंच झालं, वरून पाऊस आणि खालून भरती. 2016 च्या ऑगस्टमध्ये महाडजवळचा सावित्रीवरचा जुना पूल रात्री कोसळला, एसटीच्या दोन गाड्या वाहून गेल्या, तेव्हा शोध घेणारी पथकं पार खाडीच्या मुखापर्यंत उतरली होती. म्हणजे आमच्या खाजणातल्या घरांना किती धोका आहे हे आमच्या गावात पडलेल्या पावसावरून समजणार नाही. ते ठरतं महाबळेश्वरच्या पर्जन्यमापकावर आणि पंचांगातल्या तिथीवर. नमुन्यात या दोन्हींना जागा नाही.

वादळं वाढली आहेत हे आता नुसतं आमचं म्हणणं राहिलेलं नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या अभ्यासकांनी 2021 मध्ये दाखवून दिलं, की 1982 ते 2000 च्या तुलनेत 2001 ते 2019 या काळात अरबी समुद्रातली चक्रीवादळं 52 टक्क्यांनी वाढली. आमच्या आठवणीतलीच घ्या. 2009 ला फयान नोव्हेंबरात, 2019 ला क्यार ऑक्टोबरात, 2020 ला निसर्ग जूनच्या तोंडाला, 2021 ला तौक्ते मे महिन्यात. यातलं एकही ऐन पावसाळ्यात आलं नाही. ती आली ती आगोटीच्या, म्हणजे पावसाआधीच्या, कामांत किंवा भातकापणीच्या सुमाराला, होड्या पाण्यात असताना, कौलं शाकारायची राहिलेली असताना. आराखडा मात्र ‘मान्सूनपूर्व तयारी’ म्हणून होतो आणि 1 जूनपासून लागू झाल्यासारखा वागतो.

वारा सगळ्यांना सारखाच लागतो, पण घरं पडतात ती वेगवेगळी. स्लॅबचं घर निसर्गच्या दिवशी हाललं नाही. कौलारू घराची कौलं गेली, वासे राहिले. सिमेंटच्या पत्र्याच्या घरांचं काहीच राहिलं नाही आणि त्या पत्र्यांचे तुकडे शेजारच्या गोठ्यात गायीच्या पाठीत घुसले. गावात कोणत्या छपराची घरं किती, ही यादी घरपट्टीच्या वहीत आधीपासून आहे. ती जोखमीच्या नमुन्यात उतरवायला एक दुपार पुरे. तीच गत म्हाताऱ्या माणसांची. निम्मा गाव मुंबईला, घरात सत्तरी उलटलेली दोन माणसं, नाही तर एकटी बाई. कुणाच्या घरी उचलून न्यावं लागेल असं माणूस आहे, हे आशाताईंना तोंडपाठ असतं. आमच्या बैठकीला आशाताईंना बोलावलंच नव्हतं. निसर्गच्या वेळी निवाऱ्याची जागा कागदावर शाळा होती, पण शाळेत मुंबईहून आलेले चाकरमानी करोनाच्या विलगीकरणात बसले होते. ऐनवेळी लोक देवळात गेले. देवळाचं छप्पर टिकलं हे आमचं नशीब.

पाण्याचाही असाच एक साधा प्रश्न आहे. वादळानंतर महिनाभर वीज नव्हती. विहिरी भरलेल्या, पण रहाट कधीच मोडीत निघालेले; सगळं मोटारीवर. माझ्या विहिरीवर शेजारच्या चार घरच्या बायका पोहरा टाकून पाणी शेंदत होत्या, तेही झावळ्या-पाचोळा बाजूला सारून. हाताला फोड आलेल्या सुनांना तेव्हा कळलं की सासवा काय करत होत्या. वाडीत दोर, कप्पी आणि हाताने पाणी काढता येईल अशी विहीर किती, हे विचारणारा रकाना मला बोटींच्या संख्येपेक्षा मोलाचा वाटतो.

मोजायचं एकक चुकलं की काय होतं, ते आगरवाल्यांनी भरपाईतही भोगलंय. निसर्गनंतर बागांना मदत जाहीर झाली हेक्टरी पन्नास हजार. ऐकायला मोठी. पण इथे हेक्टर आहे कुणाकडे? आमची आगरं गुंठ्यांत. चौदा गुंठ्यांचे जेमतेम सात हजार होणार, आणि त्या चौदा गुंठ्यांत नारळ, मध्ये पोफळी, पोफळींवर मिरीचे वेल, सावलीला जायफळ, असं चार मजली पीक. पोफळ लावल्यापासून सुपारी हाती यायला सहा-सात वर्षं जातात. ओरड झाल्यावर सरकारनं झाडामागे मदत द्यायचं ठरवलं, नारळाला 250 रुपये आणि पोफळीला 50. रक्कम पुरेशी होती का, हा वेगळा वाद आहे आणि त्यावर मी स्वतंत्र पत्र लिहू शकेन. पण हेक्टर सोडून झाड मोजायला लागल्यावर निदान नुकसान दिसायला तरी लागलं. जोखमीच्या बाबतीतही गाव सोडून वाडी मोजायला हवी ती यासाठीच.

आता आमच्या बाजूचंही सांगायला हवं, नाहीतर सगळं खापर कचेरीवर फोडल्यासारखं होईल. त्या दिवशी ‘मध्यम’वर समाधान मानणारे ग्रामसेवक एकटे नव्हते. ‘जास्त’ लिहायला गावातलेच लोक तयार नव्हते. एक जण म्हणाला, “जास्त लिहिलंत तर उद्या पर्यटक यायचे बंद होतील.” दुसऱ्याचा प्लॉटांचा धंदा, सी व्ह्यू म्हणून पुण्या-मुंबईच्या लोकांना जो उतार विकतोय, त्यावर तांबडी खूण कुणाला हवी असते? माझ्या स्वतःच्या दोन खोल्या आहेत, तेव्हा ही अडचण मलाही समजते. चिपळूणमध्ये पूररेषा आखल्या गेल्या, पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांत एकदा येणाऱ्याची लाल, तेव्हा बाजारपेठेनं विरोध केलाच की. बांधकामाला परवानगी मिळणार नाही, जागेचा भाव पडेल, ही भीती खोटी नाही. जोखीम मोजणं म्हणजे बंधनं लादणं, असाच जोवर अनुभव येणार, तोवर लोक खरं सांगणार नाहीत. नकाशावर तांबडी खूण झालेल्या वाडीला आधी काहीतरी मिळालं पाहिजे, मग तो उताराच्या माथ्यावरचा पाणी वळवणारा चर असो, बंधाऱ्याची दुरुस्ती असो की स्लॅबचं एक सार्वजनिक घर. बंधनं त्यानंतर आली तर लोक ऐकतील.

काही गोष्टी गावकऱ्यांना जमणाऱ्या नाहीत, हेही मान्य. सड्यावरचा कातळ पाणी किती मुरवतो, त्याच्याखालची शेडी माती कधी सुटते, ते भूवैज्ञानिकानंच बघायला हवं, आणि तो वर्षातून एकदा तरी वाडीत चालत यायला हवा. पण जमिनीला पडलेली भेग, एका बाजूला कललेला आंबा, कायम नितळ असणाऱ्या झऱ्याला अचानक आलेलं गढूळ पाणी, या खुणा गवळवाडीतल्या गुराख्यालाच आधी दिसणार. त्यानं त्या कुणाला सांगायच्या आणि सांगितल्यावर किती तासांत कोण येणार, हे आराखड्यात लिहिलेलं हवं. भेगेचा फोटो व्हॉट्सअॅपवर गावभर फिरतो आणि तिथेच जिरतो, हे आम्ही बघितलंय.

ओडिशाचं उदाहरण नेहमी दिलं जातं, पण त्यातला मला पटलेला भाग वेगळा आहे. 1999 च्या महाचक्रीवादळात तिथे दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. 2013 च्या फायलिनमध्ये मृत्यू पन्नाशीच्या आत राहिले, कारण जवळजवळ दहा लाख लोकांना आधीच हलवलं होतं. निवारे बांधले हे खरंच, पण त्याच्याबरोबर गावागावांत कोण कुठल्या वाटेनं जाणार हेही ठरवलं. 2020 मध्ये तिथल्या वेंकटरायपूर आणि नोलियासाही या दोन मच्छीमार वस्त्यांना युनेस्कोच्या समुद्रविज्ञान आयोगानं ‘त्सुनामी सज्ज’ म्हणून मान्यता दिली. गावात धोक्याचा नकाशा लावलेला, निघायच्या वाटा दाखवणारे फलक, आणि लोकांनी स्वतः केलेला सराव. हे वस्तीच्या पातळीवर झालं. त्सुनामी आपल्याकडे कुठली, असं कुणी म्हणेल, तर 28 नोव्हेंबर 1945 ला मकरानच्या किनाऱ्याजवळ भूकंप झाला होता आणि त्याच्या लाटा मुंबईपर्यंत येऊन माणसं दगावली होती. नमुन्यात त्सुनामीसमोर आम्ही ‘निरंक’ लिहून मोकळे झालो आहोत.

निसर्गच्या वेळी हवामान खात्यानं वेळेवर आणि अचूक सांगितलं, माणसं हलवली, म्हणून त्या मानानं जीवितहानी फार कमी झाली. हे श्रेय द्यायलाच हवं. दर तासाला वारा किती आणि पाऊस किती हे सांगणारं शास्त्र इतकं पुढे गेलंय, की आता अडतंय ते शेवटच्या दोन किलोमीटरवर. मुंबईतून ‘रेड अलर्ट’ येतो तो अख्ख्या जिल्ह्याला. त्यातला माझ्या वाडीला किती आणि शेजारच्या वाडीला किती, हे आम्हीच आधी ठरवून ठेवलेलं असलं तर त्या अलर्टचा उपयोग.

त्या बैठकीनंतर आम्ही चार बायका आणि कोळीवाडीतले दोन जण पाचही वाड्या फिरलो. छपरं, विहिरी, एकटी राहणारी माणसं, पावसात बंद होणारा साकव, उधाणात पाणी कुठवर येतं त्याच्या खुणा, डोंगर कापलेली जागा, असं वहीत उतरवलं. सुवाच्य अक्षरात चार पानं झाली, प्रत्येक वाडीचं पान वेगळं, सड्यावरच्या गवळवाडीचं बौद्धवाडीच्याच पानावर खाली. ग्रामसेवकांनी ती नमुन्याला टाचून वर पाठवली. परवा चौकशी केली तर उत्तर आलं, की संगणकात भरताना पुरवणी जोडायची सोय नाही, त्यामुळे गावाची नोंद ‘मध्यम’ अशीच राहील. नमुना बदलायला वेळ लागेल हे समजू शकते. तोवर निदान त्या नमुन्यात गावाच्या नावाखाली वाडीचं नाव लिहायला एक ओळ वाढवावी, आणि ज्या गावांनी स्वतः पानं लिहून दिली आहेत ती तालुक्याच्या कचेरीत वेगळ्या फायलीत लावून ठेवावीत, म्हणजे रात्री फोन आला तर ती काढून बघता येतील. याला निधी लागत नाही, शासन निर्णयही लागू नये. आपल्या दैनिकानं हे जिल्हा प्रशासनाच्या नजरेस आणून द्यावं, ही विनंती.

आपली,
एक आगरवाली
बाणकोट खाडीकाठ
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)